निर्मळ पाण्याचा डास

डास म्हटला की गटार, उकिरडा आणि तुंबलेली मोरी डोळ्यांपुढे उभी राहते. आणि हत्तीरोगापुरता हा समज खराही आहे, कारण नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात ज्या क्यूलेक्स डासाने हा रोग पिढ्यान्‌पिढ्या पसरविला, त्याच्या अळ्या घाण पाण्यातच सुखाने वाढतात. शहरी हिवतापाचा वाहक असलेला अॅनॉफिलीस स्टीफन्सी मात्र वृत्तीने पक्का सोवळा: त्याला विहिरीचे, हौदाचे, गच्चीवरील टाकीचे स्वच्छ पाणीच मानवते. या डासाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०१ साली वऱ्हाडातील एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टराने केले.

त्याच्या चारच वर्षे आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नामक रुग्णाचे रक्त पाजलेल्या अॅनॉफिलीसच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूच्या गाठी पाहिल्या होत्या. चावून घेण्याबद्दल त्या रुग्णाला दर डासामागे एक आणा मिळाला, आणि वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल. या जंतूच्या नर-मादी पेशींचा संयोग डासाच्या पोटातच होत असल्यामुळे, जंतूच्या दृष्टीने डास हाच मुख्य यजमान आणि माणूस केवळ मधला मुक्काम ठरतो. हत्तीरोगाच्या कृमींचा संसार याच्या नेमका उलट: त्यांचे मीलन माणसाच्या लसीकावाहिन्यांत होते, डासाच्या देहात त्यांची संख्या मुळीच वाढत नाही, आणि म्हणून हिवतापाला एखादा दंश पुरत असला, तरी हत्तीरोग अंगात रुजण्यास बहुधा महिनोन्‌महिने शेकडो दंश सोसावे लागतात. या कृमींची सूक्ष्म पिल्ले आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास, नेमक्या क्यूलेक्स डासाच्या भोजनसमयी, त्वचेलगतच्या रक्तात येतात. हत्तीरोगाच्या पथकाला रात्री-अपरात्री दार ठोठावून बोट टोचावे लागते ते यामुळेच.

मुंबईतील हिवतापाचा प्रश्न मात्र विहिरींचा होता. १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाची चौकशी करून विहिरींवर ठपका ठेवला व त्या बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा पूजेअर्चेसाठी विहिरीचेच पाणी लागणाऱ्या पारशी व हिंदू मालकांनी हरकती घेतल्या; पाण्याला सूर्यकिरणांचा स्पर्श हवा, असाही त्यांतील काहींचा आग्रह होता. पुढे अशा विहिरींच्या झाकणाला बारीक तारेच्या जाळीचे दार ठेवण्याची मुभा देऊन तडजोड निघाली. मला ती शहाणपणाची वाटते, कारण डासाला मज्जाव झाला की काम भागते, श्रद्धेवर जप्ती आणण्याचे प्रयोजन उरत नाही. विहिरी मागे पडल्या, तशी त्यांची जागा इमारतींवरील टाक्यांनी आणि बांधकामावर साचविलेल्या पाण्याने घेतली, आणि झाकण घट्ट बसविण्याची तीच जुनी ताकीद पालिकेला नव्या मालकांना द्यावी लागत आहे.

एलिचपुरात वर्णिलेला हा डास २०१२ साली आफ्रिकेतील जिबुतीत आढळला, आणि काही वर्षांत इथिओपियातही. तेथील हिवताप प्रामुख्याने खेड्यापाड्यांचा, पावसाच्या डबक्यांत वाढणाऱ्या डासांचा. त्या देशांतील शहरवासीयांच्या साठवणीच्या पाण्यावर आता या पाहुण्याची नजर आहे.