शहराचा रस्ता आधी कागदावर निघतो

आपण बाजाराला शहरात जातो. दवाखान्याला जातो, कचेरीच्या कामाला जातो, पोरांना कॉलेजात घालायला जातो. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई ही आपल्या जिल्ह्यातली मोठी गावे. ती वाढत आहेत. काल जिथे ज्वारी उभी होती, तिथे आज घरे उभी आहेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या बीड शहराची वस्ती दीड लाखाच्या जवळ गेली होती.

बाजाराच्या दिवशी एसटी चौकात अडकते. मग आपण म्हणतो, "माणसं फार झाली!" माणसे वाढली हे खरेच. पण माणसे वाढणार हे आधी ओळखून वाट राखून ठेवली, तर एवढी कोंडी होत नाही. अशी वाट राखण्याच्या कामाला वाहतुकीचे नियोजन म्हणतात. शब्द मोठा आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. कशी ती पाहू.

कालवा, चारी आणि पोटचारी

जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. मोठ्या कालव्यातून चारी निघते. चारीतून पोटचारी निघते. पोटचारीचे पाणी शेतात येते. प्रत्येकाने थेट कालव्यालाच भोक पाडले तर काय होईल? शेवटच्या शेतकऱ्याला थेंबही मिळणार नाही.

रस्त्यांचेही तसेच आहे. लांबच्या गाड्यांसाठी महामार्ग हा कालवा. शहरातला मोठा रस्ता ही चारी. गल्लीबोळ म्हणजे पोटचारी. ज्याचे काम त्याने करावे. महामार्गावर जागोजाग दुकाने निघाली, दर शंभर पावलांवर गाड्या आडव्या येऊ लागल्या, की तो महामार्ग राहत नाही. तो बाजार होतो.

सोलापूरहून धुळ्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आपल्या बीडवरून जातो. त्याचा आजचा नंबर ५२. जुन्या लोकांना तो २११ या नंबराने ठाऊक आहे. पूर्वी त्यावरचे सारे ट्रक शहरातून जात. रस्ता चौपदरी झाला, तेव्हा शहराला बाहेरून वळण दिले. यालाच लोक बायपास म्हणतात. ज्याला बीडमध्ये काम नाही, त्याने बीडमध्ये शिरू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पण बायपासला एक रोग जडतो. रस्ता झाला की कडेच्या जमिनीला भाव येतो. आधी चहाची टपरी येते, मग धाबा, मग गॅरेज, मग वस्ती. दहावीस वर्षांत बायपास शहराच्या पोटात जातो. मग लोक म्हणतात, "आता दुसरा बायपास करा." म्हणून बायपासच्या कडेची जागा मोकळी ठेवणे आणि त्याला मोजक्याच जागी जोडरस्ते देणे, हे रस्ता बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

यात आपल्या भागाचे एक दुखणे वेगळे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी मंडळी बिऱ्हाडासह ट्रॅक्टरने निघतात. भरधाव ट्रक आणि सावकाश चालणारा ट्रॅक्टर एकाच पट्ट्यात आले, की घात होतो. हळू वाहनाला बाजूचा वेगळा रस्ता हवा. तो मिळेपर्यंत ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावाच. रात्री मागच्याला ती दुरून दिसते.

पूल म्हणजे शहराची मान

बीड शहराच्या मधून बिंदुसरा नदी वाहते. शहराचे दोन भाग झाले आहेत. या काठावरच्या माणसाला त्या काठावर जायचे तर पूल ओलांडावा लागतो. रस्ते दहा असोत की वीस, गर्दी पुलावरच गोळा होते. पूल ही शहराची मान आहे. ती आवळली तर सारे अंग अडते.

१९८९ साली बिंदुसरेला मोठा पूर आला. काठच्या वस्त्यांची फार हानी झाली. नदीचे पात्र ही पाण्याची वाट आहे. तिच्यात घर बांधले, भराव टाकला, तर पाणी आपली वाट दुसरीकडून काढते. म्हणून रस्त्याचा विचार करणाऱ्याने पाण्याचाही विचार करावा लागतो. पूल किती उंच, त्याखाली पाण्याला जागा किती, हे सगळे आधी मोजतात.

एक बस आणि पंचवीस मोटारी

आता एक हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

एका एसटीत साधारण ५० माणसे बसतात. एसटी सुमारे ४० फूट लांब. तीच ५० माणसे मोटारीतून, एकेका मोटारीत दोन दोन अशी निघाली, तर २५ मोटारी लागतील. मोटार आणि पुढचे मोकळे अंतर मिळून २० फूट धरा. २५ गुणिले २० म्हणजे ५०० फूट. एका बसच्या माणसांनी ५०० फूट रस्ता अडवला!

म्हणून वाढत्या शहराने बसची सोय आधी करावी. बस वेळेवर आली, थांब्याला सावली असली, बायाबापड्यांना चढताउतरता आले, तर माणूस कर्ज काढून मोटारसायकल घेत नाही. आपल्या राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९६१ मध्ये मराठवाड्याची एसटीही महाराष्ट्राच्या महामंडळात आली.

पायी चालणारालाही विसरू नये. बाजारात सर्वांत जास्त माणसे पायीच असतात. फुटपाथ नसला की ती रस्त्यावर उतरतात, आणि रस्ता आणखी अरुंद होतो.

मुंबई आणि पुणे

मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. मुंबई लांबट आणि चिंचोळी आहे. तिला दोन्ही बाजूंनी पाणी आहे. तिथे रूळ आधी गेले, स्टेशने झाली, आणि स्टेशनाभोवती वस्ती वाढली. म्हणून आजही तिथला कामगार लोकलवर जगतो. गर्दी भयंकर आहे, पण वाट आहे.

पुण्याची गोष्ट निराळी. तिथे शहर भराभर वाढले आणि वाट मागे राहिली. शहराभोवती आतून फिरणारा, सुमारे ३६ किलोमीटरचा एक मोठा रस्ता १९८७ च्या आराखड्यात दाखवला होता. तो कागदावरच राहिला. तोवर घरे झाली, जागा महाग झाली. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. भरल्या शहरात खांब रोवायचे म्हणजे भरल्या घरात विहीर खणण्यासारखे आहे. काम होते, पण खर्च आणि त्रास फार.

यातून आपल्या लहान शहरांनी शिकावे. बीड अजून पुणे झालेले नाही. जागा राखायची तर आताच राखता येईल.

तीस वर्षांची रेल्वे

नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. याची लांबी २६१ किलोमीटर. १९९५ साली त्याला मंजुरी मिळाली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा ठरला. नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला. बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीपर्यंतचे काम तेव्हाही बाकी होते.

मंजुरीच्या साली जन्मलेले मूल गाडी येईपर्यंत तीस वर्षांचे झाले. इतका वेळ का लागतो? आधी मोजणी लागते. मग जमीन घ्यावी लागते. डोंगर कापावे लागतात, पूल बांधावे लागतात. यातले एक काम अडले की पुढचे अडते. पैसा थोडा थोडा आला तर काम थांबते, आणि थांबलेल्या कामाचा खर्च दरसाल वाढतो.

आणि गाडी आली म्हणजे सगळे झाले असेही नाही. स्टेशनापर्यंत एसटी जाते का? गाडीच्या वेळेला ती तिथे असते का? रात्री उतरलेल्या बाईला घरी जायला वाहन आहे का? रूळ आणि रस्ता यांची गाठ पडली तरच रेल्वेचा उपयोग.

नकाशा पाहा, मगच सौदा करा

आता आपल्या पोटाची गोष्ट. रस्ता आणि रूळ जातात कुणाच्या तरी शेतातून. शहर वाढते ते कुणाच्या तरी रानावर.

१९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीचा महापूर आला. त्यानंतर १९१२ मध्ये तिथे शहर सुधारणा मंडळ नेमले. त्याने रस्ते रुंद केले, वस्त्या आखल्या. आज आपल्या राज्यात यासाठी १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो. पुढच्या वीसेक वर्षांत रस्ता कुठून जाईल, शाळा, बाग, बाजार कुठे होईल, हे त्या नकाशावर दाखवतात.

आराखडा कायम होण्याआधी तो लोकांना पाहायला ठेवतात. त्यावर हरकती आणि सूचना मागवतात. त्याला मुदत असते. मुदतीत लेखी अर्ज दिला तर सुनावणी होते. मुदत गेल्यावर रडून उपयोग नाही. पूर्वी नोटीस वाचता येत नसे, म्हणून पुष्कळांची मुदत निघून गेली. आता तुम्हाला वाचता येते. नगरपरिषदेच्या फळ्यावरचा कागद वाचा. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

शहरालगत एखादा गुंठा घेणार असाल, तर आधी नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला काढा. त्या जागेवरून रस्ता दाखवला आहे काय, तिथे घर बांधता येते काय, हे त्यावरून कळते. पुष्कळ ठिकाणी शेताचे तुकडे पाडतात, मधे दहा फुटांची बोळ सोडतात आणि प्लॉट विकतात. आगीचा बंबच सुमारे आठ फूट रुंद असतो. दहा फुटांच्या बोळीत तो वळणार कसा? बाळंतिणीला न्यायला गाडी येणार कशी? स्वस्तात घेतलेली जागा अशी महाग पडते.

आणि तुमची जमीन रस्त्यासाठी जाणार असेल, तर घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. सातबारावर नाव नीट आहे का पाहा. वारसाची नोंद राहिली असेल तर आधी करून घ्या. विहीर, झाडे, पाइपलाइन मोजणीच्या कागदात आली का ते स्वतः वाचा. आले नसेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. मोबदला कागदावर चालतो, तोंडावर नाही.

शहराचा रस्ता आधी कागदावर निघतो, मग जमिनीवर. कागदावर असताना तो बदलता येतो. डांबर पडल्यावर येत नाही. म्हणून कागद निघेल तेव्हा आपण तिथे हजर असावे, आणि सही करण्याआधी तो वाचावा.