दुपारच्या झोपेतून निसटणारी पहाट

गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशनच्या आसपास रब्बीचा कांदा आणि गहू रानात उभा असतो, तेव्हा घराघरात एकच चौकशी असते : या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची? शेतीपंपांना थ्री फेज वीज साधारण आठ तास मिळते आणि अनेक फीडरवर ती चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री दिली जाते. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटर चालू करतो आणि एकेक वाफा भरत उजाडेपर्यंत दारं धरतो. दिवसा वीज द्या, या मागणीसाठी महाराष्ट्रात अनेक आंदोलनं झाली. त्यात साप, बिबट्या, थंडी आणि ओल्या हातांनी स्टार्टरला लागणारा शॉक यांचा उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. झोपेचा मात्र क्वचितच होतो. झोप गेली तर दुपारी काढून घेतील, असं वीज देणारे, घेणारे आणि बातमी देणारे सगळेच गृहीत धरतात. हे गृहीतक चुकीचं आहे. रात्रीच्या उत्तरार्धातली झोप दुपारी मिळत नाही. ती वेगळ्या जातीची झोप असते आणि तिची वेळ शरीराने ठरवलेली असते.

१९५३ पर्यंत झोप म्हणजे मेंदूची सरसकट विश्रांती असाच समज होता. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. असेरिन्स्कीने आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युतअग्र लावून रात्रभराची नोंद घेतली होती. ठरावीक अंतराने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे झपाट्याने हलत, आणि अशा वेळी उठवलेली प्रौढ माणसं बहुधा स्वप्न सांगत. हीच रेम झोप. पुढे फ्रान्समध्ये लिऑन इथे मिशेल झुवे यांनी मांजरांवर प्रयोग करून तिचं दुसरं लक्षण दाखवलं : मेंदू जवळजवळ जागेपणाइतका सक्रिय असतो, पण मानेपासून पायापर्यंतचे स्नायू पूर्ण सैल पडलेले असतात. श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे चालू राहतात. प्रौढ माणसाच्या झोपेचा वीस ते पंचवीस टक्के भाग या अवस्थेत जातो. साधारण नव्वद मिनिटांच्या चक्रात ती पुन्हा पुन्हा येते, मात्र प्रत्येक वेळी सारखी नसते. पहिल्या चक्रांत गाढ झोप भरपूर आणि रेम जेमतेम काही मिनिटं, तर पहाटेकडच्या चक्रांत गाढ झोप जवळजवळ संपलेली आणि रेम कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त.

ही वाटणी केवळ ‘आधी हे, मग ते’ अशी नाही. १९८० मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी माणसांना घड्याळ आणि सूर्यप्रकाश यांपासून दूर ठेवून दाखवलं की रेम झोप शरीराच्या तापमानाच्या दैनिक चढउताराशी बांधलेली आहे. तापमान पहाटे तळाला जातं आणि त्यानंतरच्या काही तासांत रेम सर्वांत सहज येते. आता हिशोब करून पाहा. दहाला झोपून दोनला दारं धरायला उठलेल्या माणसाचे तास निम्मे गेले, पण रेम निम्म्याहून कितीतरी अधिक गेली. तो सकाळची कामं उरकून जेवणानंतर आडवा होतो, तोवर तापमान चढलेलं असतं, बाहेर ऊन असतं, घरात वर्दळ असते. डोळा लागतो आणि गाढ झोपेची थकबाकी काही प्रमाणात फिटते, रेमची मात्र फारशी नाही. स्वीडनमध्ये टॉर्बयोर्न ऑकरस्टेट यांनी रात्रपाळीच्या कामगारांची झोप वर्षानुवर्षं मोजली. त्यांची दिवसाची झोप रात्रीपेक्षा एक ते चार तासांनी कमी भरते आणि त्यात कापली जाते ती मुख्यतः हलकी झोप आणि रेम. गाढ झोप शरीर कशीही वसूल करून घेतं. म्हणूनच माणसाला ‘झोप झाली’ असं वाटतं, आणि इथेच फसगत होते.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप झोपेच्या अभ्यासकांकडूनच येतो : रेम नाही मिळाली तर बिघडतं काय? १९६० मध्ये विल्यम डिमेंट यांनी रेम सुरू होताच माणसांना उठवण्याचे प्रयोग केले आणि त्यातून चिडचिड आणि अस्वस्थता वाढते असं मांडलं. हे मानसिक परिणाम पुढे तितक्या ठळकपणे पुन्हा सापडले नाहीत. नैराश्यावरची काही जुनी औषधं महिनोन् महिने रेम जवळजवळ बंद पाडतात, तरी रुग्णांची स्मृती ढासळत नाही. इस्रायलमध्ये पेरेट्झ लावी यांनी १९८४ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाच्या मेंदूच्या देठात युद्धातला धातूचा तुकडा रुतला होता. त्याची रेम झोप जवळजवळ नाहीशी झाली होती, तरी त्याने कायद्याचं शिक्षण पुरं केलं. हा पुरावा डावलता येणार नाही. ‘रेम हुकली की वेड लागतं, आठवण जाते’ असं जे बेधडक लिहिलं जातं, ते मला मान्य नाही. पण डिमेंट यांच्या प्रयोगांतली एक गोष्ट पक्की टिकली : रेम नाकारली की मेंदू ती पुन्हा पुन्हा मागतो, आणि सवड मिळताच नेहमीपेक्षा जास्त घेतो. ज्याची वसुली शरीर इतक्या हट्टाने करतं ते निरुपयोगी आहे, असं म्हणायला मी धजणार नाही. शिवाय औषधाने शांतपणे दबलेली रेम वेगळी आणि मध्यरात्री गजर लावून, गार पाण्यात उभं राहून मोडलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारात रेम, हलकी झोप आणि शरीराचं घड्याळ तिन्ही एकदम उसवतात.

उसवलेल्या झोपेचं एक रूप गावोगाव ओळखीचं आहे, फक्त वेगळ्या नावाने. पहाटे डोळे उघडतात, खोली दिसते, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. मुंजा बसला, बाहेरचं लागलं, असं म्हणून लोक देवऋष्याकडे जातात. प्रत्यक्षात हा रेमचा स्नायूसैलपणा जागेपणात काही क्षण रेंगाळल्याचा परिणाम असतो. अनेक पाहण्या एकत्र केल्या तर आयुष्यात एकदा तरी हा अनुभव घेतलेले लोक शंभरात जवळपास आठ भरतात, आणि वेळापत्रक विस्कटलेल्या, जागरण घडलेल्या माणसांत तो अधिक दिसतो. तो भयंकर वाटतो, धोकादायक नसतो. याच्या नेमका उलटा बिघाड मात्र गंभीर आहे. त्यात सैल पडायला हवेत ते स्नायू सैल पडतच नाहीत, आणि माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करतो. अमेरिकेत मिनेसोटामध्ये कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. २०१९ मध्ये १,२८० रुग्णांच्या बहुकेंद्री अभ्यासात बारा वर्षांत सुमारे ७३ टक्के जणांत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळच्या स्मृतिभ्रंशासारखा आजार उभा राहिल्याचं दिसलं. रात्रीच्या पाण्याने हा विकार होतो असं कुणी समजू नये. सांगायचं ते इतकंच, की पन्नाशी ओलांडलेला माणूस झोपेत वारंवार लाथा झाडत असेल, पलंगावरून पडत असेल, तर ‘दिवसभराचं डोक्यात असतं’ म्हणून सोडून देऊ नये. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवावं.

श्वास अडण्याच्या विकाराचंही तसंच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा अडथळा आढळला, तर दिवसा पेंग येण्याच्या लक्षणासह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांना. घशाचे स्नायू रेममध्ये सर्वाधिक सैल होतात, म्हणून अनेकांचा श्वास पहाटेच जास्त अडतो. रात्री दारं धरणारा माणूस दिवसा पेंगला की सगळे म्हणतात, जागरण आहे. अशा वेळी खरा आजार जागरणाच्या आड लपून राहू शकतो.

आता दुसरा आक्षेप, जो चावडीवर हमखास ऐकू येईल : अंगवळणी पडतं, आणि आपले आजे-पणजे कुठे आठ तास झोपत होते? तासांबद्दल हे खरं आहे. जेरोम सीगल यांच्या गटाने २०१५ मध्ये टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया इथल्या, विजेविना राहणाऱ्या तीन समाजांची झोप मोजली तेव्हा ती रोज अवघी ५.७ ते ७.१ तास निघाली. पण ती लोकं सूर्यास्तानंतर सरासरी साडेतीन तासांच्या आत झोपत आणि बहुतेक वेळा सूर्योदयाच्या आधी उठत. थोडी झोप, पण सलग, रात्रीची आणि रोज त्याच वेळी. आपल्याकडची मोटही भल्या पहाटे जुंपली जाई, पण रोज पहाटेच. बैलांना रात्र लागे, म्हणून माणसालाही ती मिळे. अंगवळणी पडायला वेळ स्थिर असावी लागते. आठवडाभर रात्र, पुढे काही दिवस दिवस, अशी पाळी उलटत राहिली तर शरीराचं घड्याळ निम्मंशिम्मं सरकतं आणि पुन्हा परत फिरतं. कायम रात्रपाळी करणाऱ्यांतसुद्धा बहुतेकांचं घड्याळ पुरतं उलटत नाही, कारण सकाळी घरी जाताना अंगावर ऊन पडतंच.

ऑटो स्विच बसवा आणि झोपा, असंही सुचवलं जातं. ठिबक असेल तिथे हे बऱ्याच अंशी चालतं, आणि ठिबकच्या बाजूने झोप हा एक भक्कम मुद्दा आहे. पण वाफ्यात सोडलेलं पाणी वळवायला माणूसच लागतो. शिवाय लाईट येताक्षणी सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीवर भार येतो आणि रोहित्र जळतं, म्हणून महावितरणच ऑटो स्विच काढायला सांगतं.

जागरणाची किंमत फक्त शेतात मोजली जात नाही. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखं चालतं. आपल्या कायद्याने गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रात्रभर कांद्याला पाणी देऊन सकाळी माल पिकअपमध्ये घालून लासूर स्टेशनच्या लिलावाला निघालेला शेतकरी दारूला शिवलेलाही नसतो, पण रस्त्यावर त्याचा प्रतिसाद मंदावलेला असतो. यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. लासूरवरून जाणाऱ्या याच रेल्वेमार्गावर, छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे करमाडजवळ, ८ मे २०२० रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास रुळावर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून रात्रभर चालत आले होते. तेव्हा अनेकांनी विचारलं, रुळावर कुणी झोपतं का? इतक्या श्रमानंतर आणि जागरणानंतर शरीर झोप मागत नाही, ओढून घेतं. अशा झोपेतून जाग येण्यासाठी लागणारा आवाजही नेहमीपेक्षा मोठा असावा लागतो. ती वेळही शरीराचं तापमान तळाजवळ असण्याची होती. त्या माणसांना दोष देण्याआधी हे माहीत असायला हवं होतं.

खरा उपाय दिवसाची वीज हाच आहे, आणि २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. सूर्यावर चालणारा फीडर रात्री वीज देऊच शकत नाही, हा त्याचा झोपेच्या दृष्टीने मोठा गुण. पण प्रत्येक फीडरवर सौर वीज पोचेपर्यंत रात्रीच्या पाळीची वेळ तरी बदलता येईल. इंग्लंडमध्ये मायनर्स आणि वॉटरहाउस यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं की उरलेली झोप कधीही घेतली तरी रोज ठरावीक वेळी चार तासांची झोप मिळाली, तर शरीराचं घड्याळ बरंचसं स्थिर राहतं. रात्रीची पाळी दोनला संपली आणि दिवसाची आठनंतर सुरू झाली, तर तीन ते सात हे चार तास कोणत्याही आठवड्यात शेतकऱ्याचे राहतील. रेमचा मोठा वाटा पडतो ते नेमके हेच तास. अडचण आहे ती मागणीची : संध्याकाळी सहा ते दहा घरगुती वापर शिखरावर असतो आणि मध्यरात्रीनंतर ग्रीडवर वीज मोकळी असते, म्हणून ती शेतीकडे वळवणं कंपनीला सोयीचं पडतं. तेव्हा रात्री दहा ते दोन आणि उरलेले चार तास दुपारच्या उन्हात, अशी फोड प्रयोग म्हणून एखाद्या फीडरवर करावी लागेल. लासूरसारख्या गावात, जिथे एकाच शिवारात ठिबकही आहे आणि वाफेही आहेत, एका हंगामात ती करून पाहता येईल, आणि शेतकऱ्यांच्या मनगटावर झोप नोंदवणारे पट्टे बांधून फरक मोजताही येईल.