हॉटेलचा दर्शनी भाग : गिऱ्हाईक दारातच ठरते



परदेशात चार मराठी कुटुंबे एकत्र जमली की "इथे आपले एक हॉटेल हवे" हा विषय निघतोच. बुरैदाही त्याला अपवाद नाही. मिसळ कशी असावी, पुरणपोळीला तूप किती, यावर तासभर चर्चा रंगते. मात्र हॉटेल बाहेरून कसे दिसावे हे कोणी बोलत नाही. तो खर्च सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांतून केला जातो. खरे तर नव्या गिऱ्हाइकाला आतली चव ठाऊक नसते, दिसतो तो फक्त दर्शनी भाग. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचे तर हे हॉटेलचे होमपेज. ते उघडून माणूस दोन सेकंदांत निघून गेला, तर आतला स्वयंपाक कितीही चांगला असो, काय उपयोग?

आणि हा प्रश्न फक्त शोभेचा नाही. आखातात दहा-पंधरा वर्षे राबून साठवलेली पुंजी घालून कोणी हॉटेल काढणार असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक आत येते की नाही यावरच सगळे अवलंबून असते. म्हणून बुरैदासारख्या गावात काय पाहावे ते मुद्देसूद मांडतो.

१. पाटी : गाडीतून वाचता आली पाहिजे

बुरैदा हे गाड्यांचे गाव. पुण्यात लक्ष्मी रोडवरून चालत जाणारा माणूस पाटी निवांत वाचतो. इथले गिऱ्हाईक साठच्या वेगाने जात असते. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. पाटी दिसणे, वाचणे, "थांबूया का?" असे बायकोला विचारणे आणि गाडी बाजूला घेणे, यासाठी किमान पाच सेकंद धरा. म्हणजे पाटी ८५ मीटरवरून वाचता यायला हवी. पाटी बनवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचे अक्षर आरामात वाचता येते. म्हणजे आपले अक्षर सुमारे ७० सेंटिमीटर उंच हवे! एवढ्या आकारात नाव बसवायचे तर ते छोटेच हवे. 'श्री अमुक तमुक शुद्ध शाकाहारी महाराष्ट्रीय भोजनालय' चालणार नाही. नाव मोठे, बाकी सगळे दाराजवळ बारीक.

२. नाव : अरबीत कसे होईल?

पाटीवर अरबी आवश्यक आहे. यात तक्रारीसारखे काही नाही, महाराष्ट्रातही दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा कायदा आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. अडचण वेगळीच आहे. अरबी लिपीत 'प' नाही, 'च' नाही, 'ट' आणि 'ड'ही नाहीत. 'वडापाव'चा सहज 'फादाबाव' होतो. 'पाटील' लिहिले तर 'बातील' वाचतात आणि अरबीत त्याच्या जवळचा 'बातिल' हा शब्द खोटे किंवा रद्दबातल या अर्थाचा आहे! त्यापेक्षा 'कोकण', 'सह्याद्री' अशी नावे अरबीत जशीच्या तशी उतरतात. नाव ठरवण्याआधी एखाद्या सौदी सहकाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. पाटीला नगरपालिकेची परवानगीही लागते, तेव्हा आधी परवानगी, मग पेंटर. आणि आपल्याकडे पाटीवर गणपती हमखास असतो, तो इथे नको. मराठीपण पैठणीच्या काठाच्या नक्षीतून किंवा दाराच्या तोरणातूनही दाखवता येते.

३. ऊन आणि धूळ

बुरैदा साधारण २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या काचेला छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, थेट आत येते. तिथे मोठी काच लावली की एसीचे बिल वाढते आणि खिडकीजवळच्या टेबलावर कोणी बसत नाही. गाळा पश्चिमाभिमुख असेल तर काच कमी ठेवा, उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावा.

यात स्थानिक घरांकडून शिकण्यासारखे आहे. नज्दी पद्धतीच्या जुन्या मातीच्या घरांना जाड भिंती आणि छोटे त्रिकोणी झरोके असत. उजेड आणि वारा आत येई, झळ आणि बाहेरच्यांची नजर मात्र बाहेरच राही. रियाधच्या 'नज्द व्हिलेज' या हॉटेलाने हेच रूप दर्शनी भागाला देऊन आपली ओळख केली आहे. मातीच्या रंगाचा आणखी एक फायदा म्हणजे त्यावर धूळ कमी दिसते. गडद, चकचकीत पॅनेल वादळानंतर आठवडाभर कळकट दिसते.

उन्हाळ्यात लोक जेवायला बाहेर पडतात ते रात्रीच. म्हणून हॉटेलचे खरे रूप रात्रीचे. पिवळसर, उबदार दिवे लावा. निळसर पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात हॉटेल दवाखान्यासारखे वाटते.

४. दार : "आम्ही आत जाऊ का?"

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पूर्वी सौदीत प्रत्येक हॉटेलला एकट्या पुरुषांसाठी 'अफराद' आणि कुटुंबांसाठी 'आइलात' अशी दोन वेगळी दारे सक्तीची होती. डिसेंबर २०१९ मध्ये ही सक्ती उठली. पण सवयी एवढ्या लवकर जात नाहीत. बायको-मुलांना घेऊन आलेला माणूस आजही आधी पाहतो की आत कुटुंबे बसली आहेत का. उलट साइटवर काम करणारा एकटा मुलगा पाहतो की हे आपल्या खिशाला परवडेल का. दर्शनी भाग फार झकपक केला तर दुसरा बिचकतो आणि पूर्ण काळी काच लावली तर पहिला.

उपाय साधा आहे. दाराजवळची काच पारदर्शक ठेवा, म्हणजे आतली चहलपहल दिसेल. कुटुंबाच्या टेबलांसमोर छातीच्या उंचीपर्यंत नक्षीदार जाळी लावा. थाळीचा फोटो आणि तिची रियालमधली किंमत बाहेर ठळक लिहा. किंमत दिसली की निम्मा संकोच तिथेच संपतो.

५. जुने धडे

मुंबईच्या इराण्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. त्यांची हॉटेले बहुधा कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळत, असे सांगतात. इराण्यांनी ती घेतली आणि दोन रस्त्यांवरून दिसणारे, भरपूर उजेडाचे हॉटेल मिळवले. धोबी तलावचे १९०४ चे कयानी आजही उभे आहे. लंडनच्या हाउन्स्लो भागात २०१० मध्ये दोन मराठी मित्रांनी 'श्री कृष्ण वडापाव' सुरू केले, तेही एका आइस्क्रीमच्या दुकानातल्या दोन टेबलांवर. त्यांच्याकडे स्वतःचा दर्शनी भाग नव्हता, म्हणून वडापाव म्हणजे काय ते लोकांना आधी चाखवून सांगावे लागले. आपली पाटीही हेच काम करते : अनोळखी माणसाला आपला पदार्थ समजावून सांगते.

बुरैदा खाण्याच्या बाबतीत साधे गाव नाही. सुक्करी खजूर आणि क्लेजासाठी ते प्रसिद्ध आहे, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याचा खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांत समावेश केला. इथले लोक नवीन चवीला नाही म्हणत नाहीत. त्यांना दारापर्यंत आणणे आपल्या हातात आहे.

तेव्हा कोणी गाळा पाहायला निघालाच, तर एक करा. भाडे ठरवण्याआधी दुपारी चारला आणि रात्री दहाला, दोन्ही वेळा त्या रस्त्याने गाडीतून जा आणि गाळा किती अंतरावरून दिसतो ते मोजा. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही!