आकड्याची माहिती कधी होते?

‘०.४०.००’ हा नुसता आकडा म्हणजे डेटा. त्यावरून काहीच ठरत नाही. सातबाऱ्यावर तो गट क्रमांक, खातेदाराचे नाव आणि हेक्टर-आर-चौरस मीटर या एककांना जोडला, की चाळीस आर, म्हणजे जवळपास एक एकर जमीन कोणाची आहे हे कळते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलचा गाभाही हाच: नोंदी तक्त्यांत ठेवायच्या आणि समान रकान्यांच्या आधारे एकमेकींशी जोडायच्या.

तलाठ्याच्या जाड वहीतही ही जोडणी होतीच, असा आक्षेप कोणी घेईल. होती, पण ती टिकवणे माणसाच्या नजरेवर अवलंबून होते. फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर त्याचा अंमल द्यायचा राहून गेला, तर वहीत ते आपोआप उघड होत नसे. डेटाबेसमध्ये दोन्ही बदल एकत्र बांधता येतात: झाले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. खातेदारांच्या हिश्श्यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नसेल, तर नोंद अडवताही येते. हे मोठेच बळ आहे. मात्र वारसाचे नावच मुळात चुकीचे दिले असेल, तर संगणक तेही तितक्याच चोखपणे जपेल. म्हणूनच संगणकीकृत फेरफारही मंडळ अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करावा लागतो.