रडारचा नकाशा आरोग्य केंद्रालाही हवा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर! पर्जन्यमापक फक्त आपल्या जागेवरचा पाऊस मोजतो. चार किलोमीटरवरच्या नाल्यावर काय कोसळतेय, हे त्याला कळत नाही.

रडारला ते दिसते. त्याने सोडलेल्या रेडिओलहरी थेंबांवर आदळून परततात. परतलेल्या लहरींच्या जोरावरून पावसाचा अंदाज बांधला जातो आणि दर काही मिनिटांनी नवा नकाशा मिळतो. मोजके मोठे थेंबही हा आकडा फुगवतात. म्हणून तो पर्जन्यमापकांशी पडताळून घ्यावा लागतो. मुंबईत आता कुलाबा आणि वेरावली येथे डॉप्लर रडार आहेत.

याचा आरोग्याशी काय संबंध? मुंबईत मलवाहिन्या आणि पावसाळी नाले वेगवेगळे आहेत. पण मुसळधार पावसात पाणी मलवाहिन्यांत शिरते, त्या तुंबतात आणि मैला रस्त्यावर येतो. त्यात भरती असली, की पाणी समुद्रात सोडता येत नाही आणि सारी भिस्त पंपांवर राहते. अशा वेळी तासभर आधी कळले, तरी पंप लवकर सुरू करून वाहिन्यांत जागा करता येते. युरोपातील काही शहरांत मैला आणि पाऊस एकाच वाहिनीतून जातो. तिथे रडार पाहून साठवण टाक्या आणि दारे हाताळली जातात.

पाणी ओसरले, की रुग्णालयात गर्दी सुरू होते. आधी जुलाब-उलट्या, एक-दोन आठवड्यांनी लेप्टोचा ताप आणि त्यानंतर कावीळ. म्हणजे पाऊस कुठे झाला हे आज कळले, तर पुढच्या पंधरवड्यात रुग्ण कुठे वाढू शकतात, याचा अंदाज येतो. त्या वस्त्यांत क्लोरिनच्या गोळ्या, पाण्याची तपासणी आणि तापाचे सर्वेक्षण आधीच सुरू करता येईल. म्हणून हा नकाशा पंपचालकाइतकाच आरोग्य केंद्रालाही मिळायला हवा.

तोवर आपण एवढे करावे. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टो टाळण्यासाठी गोळी घ्यायची का, ते डॉक्टर ठरवतील. पाणी उकळूनच प्या. पाणी निचरावे म्हणून मॅनहोलचे झाकण मात्र कधीही उघडू नका.