कार्यव्हिसा, परदेशस्थ अध्यापकांचा

परकीय देशात वेतन घेऊन अध्यापन करण्यास त्या देशाच्या शासनाने दिलेली मुदतबंद अनुज्ञा. साधा व्हिसा केवळ प्रवेश देतो; कार्यव्हिसा कामाचे स्वरूप व बहुधा नियोक्ताही ठरवून देतो. त्यामुळे नोकरी बदलताना अध्यापकाची पात्रता तीच राहिली, तरी त्याच्या वास्तव्याचा कायदेशीर आधार बदलू शकतो. राजीनामा आधी व अर्ज नंतर असा क्रम ठेवल्यास व्हिसाची मुदत शिल्लक असूनही वास्तव्य बेकायदा ठरण्याचा संभव असतो. सोबतच्या कुटुंबीयांचे व्हिसाही त्याबरोबर धोक्यात येतात.

जपानमध्ये हा भेद विशेष स्पष्ट दिसतो. तेथे विद्यापीठात शिकविणाऱ्यास ‘प्राध्यापक’, शाळेत शिकविणाऱ्यास ‘शिक्षक’, तर खाजगी भाषावर्ग घेणाऱ्यास ‘अभियंता, मानव्यविद्यातज्ञ व आंतरराष्ट्रीय सेवा’ हा 2015 मध्ये एकत्रित केलेला वर्ग लागू होतो. शाळा सोडून भाषावर्गात जाणाऱ्यास वर्गबदलाची परवानगी मिळाल्यावरच काम सुरू करता येते. वर्ग तोच राहिला, तरी जुनी संस्था सोडल्याची व नवी स्वीकारल्याची सूचना 14 दिवसांत द्यावी लागते. शाळेची नोकरी सांभाळून सायंकाळी भाषावर्ग घेण्यासही स्वतंत्र परवानगी आवश्यक असते. दुर्लक्ष होते ते बहुधा येथेच. सबळ कारणाविना तीन महिने विहित काम न केल्यास वास्तव्याचा दर्जा रद्द होऊ शकतो.

अमेरिकेत शालेय शिक्षक बहुधा जे-1 या विनिमय-व्हिसावर जातात. त्याची मुदत तीन वर्षे असून ती आणखी दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. काही जे-1 धारकांना एच-1बी व्हिसा घेण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. डिसेंबर 2024 च्या सुधारित कौशल्यसूचीतून भारत वगळला गेल्याने अनेक भारतीयांची ही अट सुटली. शासकीय निधीवर गेलेल्यांची मात्र सुटली नाही. एच-1बी धारकास 2000 सालच्या कायद्यानुसार नव्या नियोक्त्याचा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येते. तथापि विद्यापीठे वार्षिक संख्यामर्यादेतून मुक्त असून शाळा सामान्यतः तशा नसतात. म्हणून विद्यापीठातून शाळेत येणाऱ्याची वाट अडू शकते; उलट दिशेने जाणे सोपे. ब्रिटनमध्ये नियोक्ता बदलल्यास ‘कुशल कामगार’ व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.

देशच बदलावयाचा असल्यास कागदपत्रांचा प्रश्न मूळ गावापर्यंत येतो. नाशिक जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये बहुतांशी पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाचे 2014 मध्ये ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे नामांतर झाले. जुन्या पदवीपत्रांवर पूर्वीचेच नाव असल्याने अर्जात तसा खुलासा करणे हितावह असते. नाशिक येथेच 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.एड. पदवीधरांना वेगळी अडचण येते : काही देश पदवी नियमित की दूरस्थ शिक्षणाने मिळविली, याची चौकशी करतात. पदवी वैध असली, तरी समकक्षता गृहीत धरता येत नाही. पदवीपत्राच्या प्रमाणीकरणाचे मार्गही दोन आहेत. भारतात 2005 पासून लागू झालेल्या हेग कराराच्या सदस्य-देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ पुरते. 2024 अखेर करारात नसलेल्या संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकनही लागते. एका देशासाठी केलेले साक्षांकन दुसऱ्या देशात चालेलच, असे नाही. 1983 च्या उत्प्रवास अधिनियमाखालील परवानगी दहावी उत्तीर्ण व्यक्तीस लागत नसल्याने अध्यापकांना ती घ्यावी लागत नाही.