पोरगी ‘अप्रेंटिस’ झाली, म्हणजे नेमकी काय झाली?

आमच्या लहानपणी ‘अप्रेंटिस’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर यायचा तो अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत सायकलने जाणारा, हाताला ग्रीस लागलेला एखादा दादा. फिटर, टर्नर, वेल्डर... या शब्दाशी मुलींचा काही संबंध असेल, असे कुणाच्या मनातही येत नसे. आज सकाळी धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकातून शंकरनगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत नुसते चालत जा. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात डब्याची पिशवी घेतलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली दिसतात. कुणी काटोलची, कुणी उमरेडची, कुणी पुलगावची. इथे खोली करून राहायचे, सीताबर्डीला गाडी बदलायची, खापरीला उतरायचे आणि ‘मिहान’ गाठायचे! यातल्या काही जणी आयटी कंपनीत अप्रेंटिस असतात.

मंडळाच्या कामात या मुलींच्या आया भेटतात. त्यांचा प्रश्न ठरलेला. ‘‘ताई, पोरगी शिकून राहिली का नोकरी करून राहिली, हेच समजून नाही राहिलं. लोकं विचारतात तं काय सांगू?’’

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात घरचा पैसा आहे, मुलीचे लग्न आहे, तिचे पुढचे शिक्षणही आहे. म्हणून मैत्रिणींनो, हे नीट समजून घेऊ या.

आपल्याकडे यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यानुसार अप्रेंटिस ही कामगार नसते, तिला प्रशिक्षणार्थी मानतात. तिला मिळते ते विद्यावेतन, पगार नाही. आधी हा कायदा कारखान्यातल्या मुलांपुरता होता. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. म्हणजे माझ्यासारखी कला शाखेची बी.ए. झालेली मुलगीसुद्धा आज एखाद्या कार्यालयात अप्रेंटिस होऊ शकते! तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मोठ्या कंपन्यांत या जागा निघतात, त्यामागे हेही कारण आहे.

आयटीकडे जायच्या वाटा निरनिराळ्या आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एका वर्षाचा संगणकाचा अभ्यासक्रम करून अप्रेंटिस होता येते. पदवी किंवा पदविका झाली असेल, तर केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची ‘नॅट्स’ ही योजना आहे. बारावीनंतर थेट जायचे असेल, तर काही कंपन्यांचे स्वतःचे उपक्रम आहेत. एचसीएल ही कंपनी २०१८ पासून मिहानमध्ये आहे. तिच्या ‘टेकबी’ उपक्रमात बारावी झालेल्या मुलांना आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी, जोडीला पदवीचे शिक्षण, अशी रचना आहे. मात्र इथे एक फरक लक्षात ठेवा. कायद्याखालच्या अप्रेंटिसला उलट विद्यावेतन मिळते, तिने पैसे भरायचे नसतात. ‘टेकबी’मध्ये प्रशिक्षणाचे शुल्क आहे आणि त्यासाठी कर्जाची सोय असते. कर्ज म्हटले की हप्ता आला. तेव्हा आकडे कागदावर मांडूनच ठरवा.

विद्यावेतन किती? २०१९ च्या नियमांत बारावी झालेल्यांसाठी महिन्याला किमान ७ हजार, पदविकेला ८ हजार आणि पदवीला ९ हजार रुपये ठरवले गेले. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते. २०१६ पासूनच्या ‘नॅप्स’ योजनेत सरकार यातला चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, उचलते. २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. म्हणून खाते मुलीच्याच नावाचे हवे, आधारशी जोडलेले हवे. ‘बापाच्या खात्यात टाकून द्या’ चालत नाही. मला तरी ही फार चांगली गोष्ट वाटते बाई!

आता, तिथे ती करते काय? घरच्यांना वाटते, दिवसभर गार हवेत बसून कॉम्प्युटर पाहत असेल. एका मुलीने मला समजावून सांगितले. ‘‘काकू, कुठं कोणाचा पासवर्ड अडकला, कोणाचं मशीन बंद पडलं, की त्याची तक्रार आमच्याकडे येते. तिला टिकेट म्हणतात. ठरलेल्या वेळात ते सोडवायचं, नाही जमलं तर वरच्या माणसाकडे द्यायचं, नि काय केलं ते लिहून ठेवायचं.’’ कुणी तयार झालेले सॉफ्टवेअर तपासते, चुका शोधते. काम किचकट आहे आणि घड्याळाशी बांधलेले आहे. या मुलीला मराठी माध्यमामुळे फोनवर इंग्रजी बोलायची धास्ती होती. पहिला महिना ती रोज रात्री रडायची. खोलीतल्या मैत्रिणींनी नियम केला, जेवताना फक्त इंग्रजी! चुकत-माकत, हसत-हसत जीभ वळली. भाषा शिकता येते, फक्त पहिल्या महिन्यात ‘परत ये’ म्हणणारी आई नको.

पण सगळेच गोड नाही. वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. करारात तसे लिहिले असेल तरच हक्क सांगता येतो. एका आईने मोठ्या कंपनीत चिकटवतो म्हणणाऱ्या एजंटाला अंगावरचे डोरले मोडून ‘डिपॉझिट’ दिले. ना जागा मिळाली, ना पैसे. अप्रेंटिसची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते आणि ती मोफत असते. पैसे मागणारा आला की दारातूनच वाटेला लावा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक मुलीला ठाऊक हवी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात अप्रेंटिसचाही स्पष्ट समावेश आहे. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष स्त्रीच असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. ‘मी तर शिकाऊ, माझं कोण ऐकणार?’ म्हणून गप्प बसायचे कारण नाही.

आता थोडे घराविषयी. मुलीचे सात-आठ हजार घरात आले की फ्रिजचा हप्ता, भावाची फी, सगळे त्यावर धरले जाते. राहणे, जेवण नि जाणे-येणे धरले तर तिच्या हाती उरतेच किती? शक्य असेल तर या काळात तिच्याकडून पैसे घेऊ नका. तिने मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करावी, कारण पुढे बढतीच्या वेळी पदवी विचारतात. आणि हो, ‘नोकरीवाली आहे’ म्हणून स्थळे यायला लागतील. वर्ष-दोन वर्षे त्यांना थांबवणे तुमच्याच हातात आहे. अर्धवट सोडलेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळत नाही.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर करारावर पालकाची सही लागते. ती सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. मुदत किती, विद्यावेतन किती नि कुठे जमा होणार, रात्रपाळी असेल तर गाडी घरापर्यंत सोडेल का, आणि मध्येच सोडले तर काही भरावे लागेल का? करार इंग्रजीत असेल तर मुलीकडून एकेक ओळ मराठीत वाचून घ्या. न समजलेली ओळ तिला पुन्हा विचारा. तिचे पहिले ‘टिकेट’ हेच समजा!